रेघेमागची बॅट: लॉर्ड्सचा एक धावबाद आणि धारूरच्या मैदानावरचा दुसरा

२ ऑक्टोबर २०२२. रविवार, गांधी जयंती, नवरात्रातली सातवी माळ. बीड जिल्ह्यातल्या धारूरला आमच्या शाळेच्या मैदानावर मुलींचा वीस षटकांचा मैत्रीपूर्ण सामना चालू होता. समोरचा संघ अंबाजोगाईचा. आमच्या ३ बाद ६१ झाल्या होत्या, बारावं षटक होतं आणि बोलरच्या टोकाला अंपायर म्हणून मी उभा होतो. मैत्रीपूर्ण सामन्यात तिसरा माणूस कुठून आणणार? दोन्ही शाळांचे क्रीडाशिक्षक एकेक टोक धरतात.

षटकातला तिसरा बॉल. अंबाजोगाईची ऑफस्पिनर चार पावलं आली, हात वर नेता नेता थांबली, वळली आणि तिनं स्टंपवरच्या बेल्स उडवल्या. नॉनस्ट्राईकरला, म्हणजे बोलरच्या टोकाला उभ्या बॅटरच्या जागी, आमची नववीतली मुलगी होती. २७ धावांवर खेळत होती, त्या दिवशीची आमची सगळ्यात चांगली बॅटर. बॉल सुटायच्या आधीच ती क्रीजच्या रेघेच्या दोन पावलं पुढं होती, बॅटही हातात वर धरलेली. तिनं मागं वळून पाहिलं तेव्हा तिला आधी कळलंच नाही काय झालं ते.

अपील झालं. मी समोरच्या कॅप्टनला विचारलं, "अपील कायम आहे का?" ती दहावीची मुलगी. क्षणभर आपल्या बोलरकडं पाहिलं आणि म्हणाली, "हाव सर, कायम आहे."

मी बोट वर केलं.

हा सामना आम्ही १४ धावांनी हरलो. पण या टिपणाचा विषय तो पराभव नाही. आठ दिवसांपूर्वी लॉर्ड्सवर अगदी अशीच गोष्ट झाली होती. ती आमच्या सगळ्या मुलींनी पाहिली होती, तिच्यावर तासभर वाद घातला होता, आणि तरीही आमच्याच मैदानावर आमचीच मुलगी तशीच बाद झाली. हे का झालं, याचा शोध मी पुढं कित्येक महिने घेत होतो. तो इतर क्रीडाशिक्षकांच्या आणि पालकांच्या उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहून काढतोय.

आधी त्या दौऱ्याबद्दल

भारताचा महिला संघ सप्टेंबर २०२२ मध्ये इंग्लंडला गेला तेव्हा टी-ट्वेंटी मालिका १-२ अशी गेली होती. मग तीन वनडे. पहिली १८ तारखेला होव्हला. इंग्लंडच्या ७ बाद २२७, आपण सात गडी राखून जिंकलो. स्मृती मानधना ९१, हरमनप्रीत कौर नाबाद ७४, यास्तिका भाटिया ५०. स्मृती सांगलीची, त्यामुळं तिचं शतक हुकलं याची हळहळ आमच्याकडं घरच्या मुलीसारखीच झाली.

दुसरी २१ तारखेला कँटरबरीला. त्या डावावर मला थांबावंच लागेल. हरमनप्रीतनं १११ बॉलमध्ये नाबाद १४३ केल्या. शंभराव्या बॉलला तिचं शतक झालं आणि पुढच्या अकरा बॉलमध्ये तिनं ४३ काढल्या. मी कागदावर स्कोअर लिहीत होतो. शेवटच्या तीन षटकांत ६२ धावा आल्या तेव्हा माझ्या रकान्यात जागा उरली नव्हती. भारत ५ बाद ३३३. इंग्लंड २४५ वर आटोपलं, रेणुका सिंगनं ५७ धावांत चार बळी घेतले. मालिका तिथंच आपली झाली. १९९९ नंतर पहिल्यांदाच आपल्या मुलींनी इंग्लंडमध्ये वनडे मालिका जिंकली होती.

मग २४ सप्टेंबर, शनिवार, लॉर्ड्स. झुलन गोस्वामीचा शेवटचा सामना. २००२ च्या जानेवारीत चेन्नईला इंग्लंडविरुद्धच तिनं पहिली वनडे खेळली होती. वीस वर्षं, २०४ वनडे, २५५ बळी. हरमनप्रीतनं टॉसला तिला सोबत नेलं. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर आमच्या मुली घरी जाऊन जेवून परत आल्या. डिजिटल वर्गातल्या टीव्हीला मी माझा फोन जोडला. सामना आपल्याकडं दुपारी साडेतीनला सुरू झाला.

आपली सुरुवात वाईट झाली. केट क्रॉसनं २६ धावांत चार बळी घेतले, आपण ४ बाद २९. स्मृतीच्या ५० आणि दीप्ती शर्माच्या नाबाद ६८, दोघींच्या मिळून ११८. सगळा संघ १६९ मध्ये संपला. झुलन पहिल्याच बॉलवर शून्यावर बाद झाली तेव्हा आमच्या वर्गात आवाज बंद झाला. आमची एक फास्ट बोलर डोळे पुसत होती. अंधार पडायच्या आत मुलींना घरी पाठवावं लागतं. वाड्या-तांड्यांवरच्या मुली रात्री दहापर्यंत थांबवता येत नाहीत. त्यामुळं उरलेला सामना मी घरी एकट्यानं पाहिला.

इंग्लंडला १७० हव्या होत्या. रेणुकानं चार घेतले, २९ धावांत. झुलननं दहा षटकांत तीन निर्धाव टाकून ३० धावांत दोन. इंग्लंड ९ बाद ११८. इथं सामना संपल्यात जमा होता, पण चार्ली डीन आणि फ्रेया डेव्हिस या शेवटच्या जोडीनं ३५ धावा जोडल्या. डीन तर सुंदर खेळत होती, ४७ वर होती. १७ धावा हव्या होत्या आणि ४४ वं षटक दीप्ती टाकत होती. ती बॉल टाकायला आली, डीन नॉनस्ट्राईकरच्या टोकावरून पुढं निघाली होती, दीप्ती थांबली आणि तिनं बेल्स पाडल्या. तिसऱ्या पंचानं पाहून बाद दिलं. इंग्लंड १५३. आपण १६ धावांनी जिंकलो, मालिका ३-०. डीनच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवसापासून बातम्यांत त्या एकाच बॉलची चर्चा. खरं तर तो टाकलाच गेला नव्हता. रेणुकाचे चार बळी कुठं गेले, दीप्तीच्या स्वतःच्या ६८ धावा कुठं गेल्या, २९ वर चार गेलेला डाव कुणी सावरला, काही नाही. मला याचं फार वाईट वाटलं आणि आजही वाटतं. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दीप्तीनं ५८ धावा केल्या आणि ३९ धावांत पाच बळी घेतले, स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली. तेव्हा कुठं अनेकांच्या तोंडी तिचं नाव त्या एका धावबादाशिवाय आलं.

तासभराचा वाद

रविवारी सर्वपित्री होती, तरी सकाळच्या सरावाला दहा-बारा मुली आल्या. सगळ्यांनी घरच्यांच्या फोनवर ती क्लिप पाहिली होती. मी म्हटलं, चला, बोलू या. मुलींना बोलू द्यावं, त्यांना विचार करायची सवय लागावी, हा माझा हेतू.

दोन गट पडले. एक म्हणाला, नियमात आहे तर आउट म्हणजे आउट. दुसरा म्हणाला, एकदा सांगायला तर पाहिजे होतं. कुणी म्हणालं, झुलनदीदीचा शेवटचा सामना असा कामून संपवायचा? कुणी म्हणालं, मग हरायचं का? कुणी विचारलं, "सर, आपण असं करायचं का?" मी उत्तर दिलं, ते आता आठवलं की मला टोचतं. मी म्हणालो, "शक्यतो नाही करायचं, पण केलं तर चूक नाही."

तासभर हे चाललं. दीप्ती बरोबर की चूक, दीप्ती मोठ्या मनाची की नाही, दीप्तीनं सांगायला हवं होतं की नको. तासभरात डीनचा पाय कुठं होता, हे एकाही मुलीनं विचारलं नाही. मीही काढलं नाही. आणि आपण नॉनस्ट्राईकरला उभं राहतो तेव्हा आपली बॅट कुठं असते, हे तर कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सगळं बोलणं बोलरच्या स्वभावावर चाललं, बॅटरच्या पायावर एक शब्द नाही. पुढच्या रविवारी आमच्या मैदानावर जे झालं त्याचं मूळ या तासात आहे असं माझं ठाम मत झालंय.

हे फक्त आमच्या सरावातच झालं असंही नाही. जगभर तेच झालं. दीप्तीनं परतल्यावर सांगितलं की आम्ही तिला आधी ताकीद दिली होती, अंपायरलाही सांगितलं होतं. इंग्लंडची तेव्हाची नियमित कर्णधार हेदर नाइट हिनं जाहीरपणे म्हटलं की अशी कुठलीही ताकीद दिली गेली नव्हती. मग दिवसभर चर्चा ताकिदीवर. माझ्या मते आपल्या बाजूनं ताकिदीचा विषय काढायचीच गरज नव्हती. नियमाला ताकीद लागत नाही. जी गोष्ट लागत नाही ती आपण दिली होती असं सांगायला गेलं की ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे ती लागत असणार. हरमनप्रीत सामना संपल्यावर लगेच बोलली तो सूर मला जास्त सरळ वाटला: नियमाबाहेरचं काही केलेलं नाही, बॅटर काय करते यावर आमचं लक्ष होतं.

एका क्रीडा पत्रकारानं नंतर त्या डावाची चित्रफीत बॉलगणिक पाहिली आणि डीन सत्तरहून अधिक वेळा बॉल सुटायच्या आधी रेघ सोडून निघाली होती असं दाखवून दिलं. सगळ्या प्रकरणात मला सर्वात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. एका बॉलला पाय घसरला असता तर दया आली असती. ही सवय होती. आणि सवय म्हटली की ती कुणीतरी लावलेली असते, निदान कुणीतरी चालू दिलेली असते.

"आपलीच पोरगी अन् तुम्हीच बोट वर केलं?"

परत २ ऑक्टोबरकडं येतो.

बोट वर गेल्यावर दोन मिनिटं मैदानावर गोंधळ होता. आमची मुलगी जागची हलेना. तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग ती निघाली, ग्लोव्ज काढत, कुणाकडंही न बघता. बाहेर लिंबाखाली बसलेले पालक उठले. तिचे वडील पुढं आले. शांत माणूस, पण त्या दिवशी आवाज चढला: "सर, आपलीच पोरगी अन् तुम्हीच बोट वर केलं? आधी सांगायचं तरी!"

दुसरे एक पालक म्हणाले, मॅटवरची रेघ पुसली होती, पोरीला दिसणार कशी. यात तथ्य होतं. आमचं मैदान मुरमाचं. मॅट खिळे ठोकून ताणतो आणि रेघा फक्कीच्या. बाराव्या षटकापर्यंत बोलरच्या बुटांनी त्या टोकाची रेघ अर्धी गेली होती. पण ती दोन पावलं पुढं होती. रेघ आख्खी असती तरी निकाल तोच होता. मी त्यांना तसं सांगितलं. पटलं नाही.

स्कोअर लिहिणाऱ्या आमच्या मुलीनं तो बॉल षटकात धरला होता आणि बळी बोलरच्या नावावर मांडला होता. मी दोन्ही दुरुस्त करायला लावलं. बॉल पडलेलाच नाही, तेव्हा षटकात तो मोजायचा नाही, अजून चार बॉल शिल्लक. आणि धावबाद असल्यामुळं बोलरच्या खात्यात बळी नाही. गावोगावच्या सामन्यांत इथं हमखास चूक होते, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

अंबाजोगाईची ती ऑफस्पिनर मात्र सामना संपल्यावर रडत होती. जिंकून. आमच्या पालकांतल्या कुणीतरी तिला काहीतरी लागेल असं बोललं होतं. मी तिच्या शिक्षकांसमोर तिला सांगितलं की बाळा, तू चूक केली नाहीस, निर्णय मी दिला आहे. तिनं मान हलवली, पण तिचं समाधान झालं असं मला दिसलं नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला जिंकल्याबद्दल रडावं लागतं, हे मला आमच्या पराभवापेक्षा जास्त लागलं.

सोमवारी मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. ते स्वतः जुने क्रिकेटप्रेमी. त्यांनी १९८७ च्या विश्वचषकातला कोर्टनी वॉल्श काढला. लाहोरला शेवटच्या षटकात पाकिस्तानचा शेवटचा बॅटर रेघ सोडून निघाला होता. वॉल्शनं त्याला बाद केलं नाही. वेस्ट इंडिज तो सामना हरलं आणि उपांत्य फेरीलाही मुकलं. सर म्हणाले, मुलांना हे शिकवायचं असतं.

मला वॉल्शबद्दल आदर आहे. पण तो मोठेपणा त्यानं स्वतःच्या खिशातून दिला होता. तो दुसऱ्याकडून मागता येत नाही, दहावीतल्या मुलीकडून तर नाहीच. आणि वॉल्शची गोष्ट सांगतानाही आपण पुन्हा बोलरबद्दलच बोलतो. रेघ सोडून पुढं गेलेल्या त्या बॅटरचं नाव किती जणांना आठवतं? सलीम जाफर. त्यानं काय करायला हवं होतं, यावर कधी कुणी गोष्ट सांगत नाही.

या प्रकाराला अजूनही आपल्या विनू मंकडांचं नाव लावलं जातं, 'मंकडिंग' म्हणतात, तेही टोमणा म्हणून. १९४७ च्या डिसेंबरात सिडनी कसोटीत त्यांनी बिल ब्राऊनला असं बाद केलं. त्याआधी त्याच मैदानावर, त्याच बॅटरला, दौऱ्यातल्या एका सामन्यात ताकीद देऊन बाद केलं होतं. म्हणजे ब्राऊनला दुसऱ्यांदा कळायला हवं होतं. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ब्रॅडमन होता आणि त्यानं मंकडांचीच बाजू घेतली. तरी पाऊण शतक डाग राहिला तो मंकडांच्या नावावर. सुनील गावसकर हे नाव वापरू नका म्हणून सतत सांगत आले आहेत, आणि मी शाळेत ते कधीच वापरू देत नाही. आपल्याच देशाच्या एका थोर अष्टपैलूचं नाव गैरप्रकाराला लावायचं आणि त्यांच्याच नावाच्या करंडकासाठी १९ वर्षांखालच्या मुलांना खेळवायचं, हे मनाला पटत नाही.

नियम, आणि माझी चूक

योगायोग असा की आमच्या सामन्याच्या आदल्या दिवशी, १ ऑक्टोबर २०२२ ला, क्रिकेटच्या नियमांतला बदल लागू झाला होता. नियम करणाऱ्या एमसीसीनं तो मार्चमध्येच जाहीर केला होता. त्याआधी हा प्रकार ४१ व्या नियमात, म्हणजे अनुचित खेळाच्या प्रकरणात बसवला होता. बाद तेव्हाही बादच होती, लॉर्ड्सलाही होती. पण ज्या पानावर तो छापला होता त्या पानाचा वास त्याला लागत होता. आता तो ३८ व्या नियमात गेला, साध्या धावबादाच्या शेजारी. बोलर धावायला लागल्यापासून ते तिच्या हातून बॉल सुटणं अपेक्षित असतं त्या क्षणापर्यंत नॉनस्ट्राईकर रेघेबाहेर असेल, तर ती धावबाद होऊ शकते. ताकिदीचा उल्लेख नाही.

मी हे मार्चमध्ये वर्तमानपत्रात वाचलं होतं. मुलींना सांगितलं नव्हतं. सात महिने.

आणि नुसतं न सांगणं एवढीच चूक नव्हती. सामन्यानंतर तीन-चार दिवसांनी मी आमच्याच एका जुन्या सामन्याची चित्रफीत पाहत बसलो होतो. एका पालकानं फोनवर काढलेली, हलणारी. चित्रापेक्षा आवाज स्पष्ट होता. त्यात दर दोन-तीन बॉलनी एक पुरुषी आवाज ओरडतोय: "निघ, निघ! आधी निघ! पाय उचल!" तो आवाज माझा आहे.

मीच शिकवलं होतं. चोरटी धाव घ्यायची तर नॉनस्ट्राईकरनं आधी निघायला हवं, हे मी वर्षानुवर्षं ओरडत आलो. एखादी मुलगी धावबाद झाली की तिला विचारायचो, "कामून थांबली होतीस?" कधीही, एकदाही, "कामून आधी निघाली होतीस?" असं विचारलं नाही. मुलींनी बरोबर तेच उचललं. थांबलं की बोलणी बसतात, निघालं की काही होत नाही. मग पोरगी पुढं निघणारच.

दोन रेघांमधलं अंतर ५८ फूट, म्हणजे साधारण १७.६८ मीटर. नॉनस्ट्राईकर मीटरभर आधी पुढं सरकली की तिनं त्या धावेचा जवळजवळ अठरावा भाग न धावता मिळवला. चोरट्या धावेत निकाल बोटभर अंतरावर ठरतो, तिथं मीटर म्हणजे फार झालं. हा फायदा बॅटिंग करणाऱ्या संघाला प्रत्येक बॉलला मिळतो आणि तो कुणाला दिसत नाही. बोलरनं मात्र एकदा बेल्स उडवल्या की सगळ्यांना दिसतं. माझ्या मते या सगळ्या वादाची गाठ इथं आहे.

काय बदललं

पहिली गोष्ट, मुलींची माफी मागितली. सगळ्यांसमोर. ती चित्रफीत त्यांना दाखवली, माझा आवाज ऐकवला. त्या हसल्या नाहीत. एक जण म्हणाली, "सर, तुम्ही सांगायले म्हणूनच आम्ही निघायलो ना." बस, तेवढंच.

दुसरी गोष्ट रेघेची. फक्की पुसते, त्याला इलाज नाही. आमच्या शिपायानं तोडगा काढला. बाजेची नवार असते ना, पांढरी, तिची पट्टी कापून मॅटच्या दोन्ही टोकांना रेघेवर खिळ्यांनी ताणून बसवली. ती पुसत नाही, आणि बॅट टेकवली की हाताला उंचवटा कळतो. डोळे बोलरच्या हातावर ठेवून रेघ हातानं समजते. ही सोय फुकटातली आहे, कुणीही करावी. फक्त खिळे मॅटच्या बाहेरच्या कडेला ठोका आणि पूर्ण खाली बसवा. सामन्याला पट्टी काढून नेहमीची रेघ मारतो.

तिसरी गोष्ट सराव. इथं वेळ लागला. आधी निघू नका म्हटल्यावर मुली खांबासारख्या उभ्या राहायला लागल्या आणि साध्या धावा बुडायला लागल्या. तोही मार्ग नव्हे. मग उलटं केलं. रेघेच्या पुढं जायचं नाही, पण चालू मागून करायचं. रेघेच्या दोन पावलं मागं उभं राहायचं, बोलर येऊ लागली की तिच्यासोबत चालायला लागायचं, बॅट लांब करून रेघेमागं घासत आणायची, छाती बोलरकडं ठेवायची म्हणजे हात दिसतो. बॉल सुटला की पाऊल रेघेवरून पुढं. उभ्यानं सुटण्यापेक्षा चालत्या पायानं सुटणं जलद होतं, त्यामुळं मीटरभर सोडल्याचं नुकसान बरंचसं भरून निघतं. सरावात बोलरला सांगून ठेवलं की मधूनच न सांगता थांब. जी रेघेबाहेर सापडेल तिला शिक्षा नाही, फक्त तिथून नेट सोडून बाहेर. सामन्यात होतं तसंच.

चौथी, आणि ही मला सर्वात अवघड गेली. आमच्या बोलरना मी सांगितलं की समोरची आधी निघाली तर बाद करायचं, आणि केल्यावर खाली मान घालायची नाही. 'शक्यतो नाही करायचं' हे माझं वाक्य मी मागं घेतलं. शक्यतो म्हणजे काय, हे पंधरा वर्षांच्या मुलीनं बेल्ससमोर उभं राहून ठरवायचं का? ते ओझं तिच्यावर टाकायचं नसतं. दोन मुलींना हे पटलं नाही आणि त्यांनी तसं तोंडावर सांगितलं. त्यांना मी जबरदस्ती केली नाही. अपील करणं-न करणं कॅप्टनवर सोडलं.

अंबाजोगाईच्या त्या मुलीच्या शिक्षकांना फोन करून झाल्या प्रकाराबद्दल आमच्या बाजूनं दिलगिरी कळवली.

ती मुलगी

तिच्याबद्दल सांगायचं राहिलं.

सामन्यानंतर ती मैदानावर आली नाही. तिसऱ्या दिवशी दसरा. दसरा झाला की आमच्याकडची निम्मी वस्ती हलते. बालाघाटच्या या डोंगरपट्ट्यात पाऊस बेभरवशाचा आणि जमीन हलकी, म्हणून मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन माणसं ऊसतोडीला जातात. तिचे आई-वडील म्हणजे एक कोयता; ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला तसंच म्हणतात. लहान भाऊ सांभाळायला तिलाही न्यायचं ठरलं होतं. मी घरी गेलो, दोनदा. निदान शाळेसाठी ठेवा म्हणून विनवलं. तिची आई म्हणाली, "सर, लेकराकडं कोण बघंल?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. वडील माझ्याशी बोलले, पण नजर देऊन नाही. ट्रॅक्टर निघाला तेव्हा ती मागच्या ट्रॉलीत भांड्यांच्या पोत्याला टेकून बसली होती. कोल्हापूर भागातला कारखाना. मी तिला बॅट न्यायला दिली. तिनं घेतली, बोलली नाही.

पाच महिने तिच्याकडून काही कळलं नाही. मला वाटत होतं, ती गेली. चांगल्या खेळणाऱ्या मुली आमच्याकडून अशाच जातात, खेळात हरून नव्हे.

मार्चच्या अखेरीस तोडणीवाली माणसं परतली. एका संध्याकाळी ती मैदानावर येऊन उभी. रापलेली, हाताला पाचटाचे ओरखडे. बॅट सोबत होती, मूठ नव्यानं सुतळीनं गुंडाळलेली. मी काही विचारायच्या आत तिनंच विचारलं.

"सर, बोलरचा हात वर जाऊन पुढं गेल्यावर ती थांबली तर?"

मला कळेना. मग तिनं सांगितलं. कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीवर, शेजारच्या पोराच्या फोनवर तिनं जानेवारीतली एक क्लिप पाहिली होती. ऑस्ट्रेलियातल्या बिग बॅश या टी-ट्वेंटी लीगचा मेलबर्नमधला सामना, बोलर ॲडम झॅम्पा. त्यानं नॉनस्ट्राईकर बाहेर असताना बेल्स उडवल्या, तरी तिसऱ्या पंचानं नाबाद दिलं, कारण झॅम्पाचा हात सरळ वर जाऊन पुढं झुकला होता. म्हणजे बॉल सुटायचा क्षण उलटून गेला होता. तिनं ती क्लिप कितीदा पाहिली असेल कोण जाणे. हात कुठं होता ते तिनं मला स्वतः करून दाखवलं, खांद्याच्या वर, कानाच्या पुढं.

मी ती घटना वाचली होती, एमसीसीनं त्यानंतर नियमाचे शब्द आणखी स्पष्ट केल्याचंही वाचलं होतं. या वेळी मी ते सांगितलं, तिथंच, मॅटही न अंथरलेल्या मुरमावर. हात सर्वांत उंच जाईपर्यंत बोलरला बाद करता येतं, त्यानंतर नाही. पण तू हाताचा हिशेब करत बसू नकोस, बॉल सुटलेला दिसेपर्यंत बॅट मागं ठेव.

"ते मी ठेवतेच की," ती म्हणाली. "मपल्याला बोलिंग करताना लागंल म्हणून विचारायले."

मग तिनं टाचेनं मुरमावर एक रेघ ओढली, दोन पावलं मागं गेली आणि मला म्हणाली, "सर, तुम्ही या पळत."

मी रिकाम्या हातानं धावत आलो, हात वर नेला आणि थांबलो. तिची बॅट रेघेच्या मागं होती.